गुलाबरावांच्या दोन दोऱ्या

आमच्या शेजारचे गुलाबराव पायजम्याला दोन नाड्या घालत. वाळत घातलेले पायजमे माझ्या अंगणातून दिसत, म्हणून मला माहीत. कोणी हसलं की ते विचारत, "एक तुटली, मंग?"

ते अमरावतीला टेलिफोनचे लाइनमन. तुटलेल्या तारा जोडून जोडून एकट्या वस्तूवरचा त्यांचा भरवसाच उडाला होता. घरात कंदील दोन, विहिरीवर दोर दोन. अकोटच्या बहिणीला 'येतो' म्हणून कळवायचं, तर एक कार्ड पोस्टात टाकत आणि तोच निरोप एसटीच्या कंडक्टरजवळही देत. बहीण एकदा करवादली, "कार्डावाला एक पाहुणा अन् कंडक्टरवाला एक, असं समजून म्या दोघाईचा सैपाक केला ना दादा!"

"मंग दोघाईचं मीच खातो," म्हणाले आणि खाल्लं.

त्यांच्या बायकोला, शेवंतावहिनीला, जन्मापासून वाचा नव्हती. त्यात दमा. गुलाबराव कामावर नांदगाव खंडेश्वरकडे गेले की ती घरात एकटी. म्हणून त्यांनी तिच्या खाटेपासून माझ्या चुलीपर्यंत दोरी ओढली आणि टोकाला घंटी बांधली. अर्थात दोन दोऱ्या, दोन घंट्या.

"दोन्ही अंगणातल्या निंबावरूनच न्या ना," आमचे मालक म्हणाले.

"अन् निंबच पडला, मंग?"

म्हणून एक निंबावरून आली, दुसरी मागच्या छपराच्या टिनांवरून. रोज संध्याकाळी ते दोन्ही ओढून पाहत. मी इकडून एकच दोरी ओढून जबाब देई. परक्या पुरुषाशी बोलायला मला जमत नसे. घंटीचं बरं होतं.

एका दुपारी वानरानं निंबावरची दोरी तोडली. मी ती बघतच होते, तेवढ्यात टिनांवरची घंटी जोरात वाजली. कणकेच्या हातानंच धावले. वहिनीचे ओठ निळे पडले होते. तिला टेकून बसवलं, मालकांना डॉक्टरकडे पिटाळलं. जीव वाचला. संध्याकाळी गुलाबराव आले. बायकोच्या पाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसले. मग निंबावर चढून दोरी जोडली.

पुढे मी माहेरी वलगावला जाऊन आले, तर सासूबाई फणफणत होत्या. "तू गेली तशी गुलाबरावानं रजा टाकली. घरीच बसून होता. मी काय बहिरी हावो?"

मलाही नवल वाटलं. कुंपणापाशी जाऊन पहिल्यांदाच आपणहून बोलले. "भाऊजी, रजा काहून टाकली? सासूबाई होत्या ना घरी."

ते दोरीची गाठ तपासत होते. वर पाहिलं नाही.

"त्यायले ऐकू येते. पण त्या आधी हात धुतीन, पदर सावरतीन, मंग निंगतीन. तुमी कणकेच्या हातानं आल्या होत्या." गाठ आवळत म्हणाले, "दोरीले दुसरी दोरी लावता येते, वयनी. तुमची दुसरी कुठून आणू?"

मी खाली मान घालून घरात आले.

संध्याकाळी दोन्ही घंट्या वाजल्या. मीही दोन्ही दोऱ्या ओढल्या. एक पुरली असती.