हात वर करून

आमच्या महापालिकेच्या सभागृहात शोकप्रस्तावावर मतदान मागणारा एकच नगरसेवक होऊन गेला. मोरेश्वर दळवी. कुणी माजी सदस्य वारले होते. महापौरांनी शोकप्रस्ताव वाचला, सगळे दोन मिनिटं उभे राहिले आणि सुटकेचा श्वास टाकून बसले. दळवी पुन्हा उभे राहिले.

"महापौर महोदय, हात वर करून घ्या."

"अहो दळवी, शोकाला कसलं मतदान?"

"माणूस गेलाय. कोणाकोणाला वाईट वाटलं, त्याची नोंद नको?"

सभागृह हसलं. मी हसलो नाही, कारण हात मोजायचं काम माझं. मी नगरसचिव विभागात लिपिक. सभेत कोण काय बोललं ते उतरवून घ्यायचं आणि मग त्याचं इतिवृत्त लिहायचं, म्हणजे वीस मिनिटांचं भांडण दोन ओळींत मिटवायचं, यात माझी नोकरी सरली. शिवाय मतदान झालंच तर खुर्च्यांच्या रांगांमधून फिरून वर झालेले हात मोजायचे. दळवी निवडून येईपर्यंत ही वेळ वर्षातून एखाद्या वेळी यायची. ते आल्यावर माझे गुडघे दुखायला लागले.

एरवी विषय कसे मंजूर होतात हे बाहेरच्याला सांगून पटायचं नाही. महापौर विषय वाचतात, "मंजूर?" म्हणून विचारतात, समोरून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो आणि शहराची गटारं, नळ, दिवे यांचं भवितव्य ठरून जातं. त्या आवाजात कोण होतं, कोण पेंगत होतं, कोण वडा खात होतं, देव जाणे. दळवींना तो आवाज खपायचा नाही. हात वर करायचा तर वड्याची प्लेट खाली ठेवावी लागे, म्हणून बाकीच्यांना दळवी खपायचे नाहीत. मागच्या बाकांवर त्यांचं नाव 'ट्रॅफिक पोलीस' पडलं होतं.

मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, सगळे बाजूनेच असतात हो. कशाला मोजायचं?"

"आवाजाला मालक नसतो, गावंड," ते म्हणाले. "हाताला असतो."

माणूस मूळचा टेलिफोन खात्यातला. परळची खोली सोडून मीरा रोडला आलेल्या हजारो मराठी कुटुंबांपैकी एक. निवडणुकीत मोठ्या पक्षांनी एकमेकांची मतं खाल्ली आणि मधल्या फटीतून हे अपक्ष निसटून आले. निवडून आल्याचा सगळ्यात जास्त धक्का त्यांना स्वतःलाच बसला असावा, कारण पहिल्या सभेला ते निकालाचा कागद घडी करून खिशात घेऊन आले होते.

त्यांचा खरा गुन्हा हात मोजायला लावणं हा नव्हताच. ते ती नावं लिहून घेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीबाजारात उभं राहून वाचून दाखवत. शेजारच्या नया नगर वस्तीतल्या बायका पिशव्या घेऊन ऐकायला थांबायच्या. "भाभीजी, कल नाले का विषय था. आपके इधर से इन्होंने हाथ नहीं उठाया. नाम लिखके लाया हूँ." मग ती भाभीजी दुपारी त्या नगरसेवकाच्या कार्यालयात हजर. अशा माणसाला सभागृहात मित्र कुठून असणार?

होत्या त्या एकट्या पाटीलताई. किनाऱ्याकडच्या कोळीवाड्यातून निवडून आलेल्या, आवाज असा की माइक बंद पडला तरी त्यांना कळायचं नाही. त्या दळवींच्या शेजारी बसत आणि त्यांची थट्टा करत. थट्टेचा मुख्य विषय म्हणजे दळवींची 'दुसरी सभा'. घड्याळात साडेपाच वाजले की चर्चा कितीही तापलेली असो, दळवी फाइल बांधत. भाईंदरला पालिकेच्या दारातून मीरा रोडची रिक्षा धरायची आणि सहाच्या आत पोचायचं. कुठे, विचारलं की म्हणत, "दुसरी सभा आहे."

"दलवी, ती दुसरी सभा गोरी हाय का काली?" पाटीलताई विचारायच्या, आणि आख्ख्या रांगेला ऐकू जायचं.

दळवी गंभीरपणे सांगत, "कोरम दोघांचा आहे, ताई. मी नसलो तर सभाच होत नाही."

एवढ्यावर लोकांनी काय काय रचलं असेल ते सांगत बसत नाही. घरी बायकोला बरं नसतं, असं ते एकदा ओझरतं बोलले होते. त्यामुळे कुजबुज जास्तच वाढली. मीही तीत होतो. आता लाज वाटते.

पाच वर्षांत त्यांनी स्वतःचा म्हणून एकच प्रस्ताव आणला, तोही मुदत संपत आली तेव्हा. त्यांच्या वॉर्डातल्या पालिकेच्या दवाखान्यात तळमजल्यावर एक खोली मोडक्या खुर्च्यांनी भरलेली होती. ती रिकामी करून तिथे लकव्याच्या पेशंटसाठी फिजिओथेरपी सुरू करावी. एक खाट, एक कप्पी, एक शिकलेला माणूस. बस. दुसऱ्यांच्या विषयांवर घडाघडा बोलणारे दळवी त्या दिवशी कागदावरून वाचत होते आणि तरी अडखळत होते.

"मागणी कोणाची आहे?" समोरून कुणीतरी विचारलं.

"एका रहिवाशाची."

"एकाच?"

"माझ्यापर्यंत एकच आली."

"एका माणसासाठी महापालिकेने खोली द्यायची?" हशा पिकला. दळवींनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

पाटीलताई उठल्या. "माजा अनुमोदन हाय. आमचे गावान पन अशी मानसा हायेत. हसताव काय?"

हसू थांबलं. सभा सकाळपासून चालू होती, महापौरांना भूक लागली होती. त्यांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "मंजूर?" आणि सवयीने, नेहमीच्याच पेंगुळल्या सुरात समोरून आलं, "मंजूर, मंजूर."

मी लिहायला घेतलं होतं. 'म' लिहून झाला होता. दळवींनी फक्त खाली बसायचं होतं.

"महापौर महोदय," ते म्हणाले, "हात वर करून."

पाटीलताईंनी त्यांची बाही खेचली. "बस ना रे गपचूप. झाला ना मंजूर." पण ते बसले नाहीत. आता सगळे जागे झाले. प्रत्येकाने आपापल्या गटनेत्याकडे पाहिलं. गटनेते भाजीबाजार विसरले नव्हते. त्यांचे हात टेबलावरच राहिले, म्हणून मागच्यांचेही राहिले. मी रांगांमधून फिरलो. दुसऱ्यांदा फिरलो, वाटलं एखादा वाढेल.

"गावंड, किती?" दळवींनीच विचारलं.

"अकरा, साहेब."

"नोंद घ्या." त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजत होते. फाइल बांधून ते निघाले.

मला असा राग आला की मी पेन टाकून त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेलो. म्हटलं, "साहेब, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? झाला होता मंजूर."

ते दोन पायऱ्या खाली होते. वळून म्हणाले, "इतकी वर्षं दुसऱ्यांच्या विषयांना हात मागितले. आता माझ्याच विषयाला सूट घेऊ?"

मी परत येऊन इतिवृत्तात लिहिलं: 'बहुमताअभावी सदर प्रस्ताव फेटाळण्यात आला.' अक्षर चांगलं आलं होतं. माझं अक्षर नेहमीच चांगलं येतं.

पुढे मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. प्रशासकांचं एक बरं असतं, त्यांना कुणाला "मंजूर?" विचारावं लागत नाही. सभागृहाला कुलूप लागलं, माइकवर कापडं चढली. सदस्यांच्या मेजांचे खण रिकामे करण्याचं काम माझ्याकडे आलं. कुणाच्या खणात औषधाच्या गोळ्या, कुणाच्या खणात लग्नपत्रिका. दळवींच्या खणात नावांच्या वह्या होत्या आणि लाल रंगाचा एक रबरी चेंडू. हा माणूस सभेत चेंडू घेऊन काय करत होता, या कुतूहलापोटीच मी ते सामान पोचवायला मीरा रोडला त्यांच्या घरी गेलो.

सहा वाजून गेले होते. दार लोटलेलं होतं आणि आतून ओळखीचा आवाज येत होता.

"विषय क्रमांक चार. आज भाकरीऐवजी मुगाची खिचडी करण्यास ही सभा मान्यता देत आहे. बाजूने असतील त्यांनी हात वर करावा."

"मंजूर," बाईचा आवाज आला. थोडा जड, पण स्वच्छ.

"आवाजी मतदान नाही, सुनंदा. हात."

"अहो, मंजूर म्हटलं ना. भूक लागलीय मला."

"सन्माननीय सदस्यांनी हात वर करावा."

मी दारातच थांबलो. खिडकीपाशी वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवरच्या उशीवर ठेवला होता, ठेवला तसाच पडलेला. समोर दळवी उभे, सभागृहात उभे राहत तसेच. दोघंही त्या हाताकडे बघत होते. वहिनींच्या कपाळावर घाम आला. बराच वेळ काही झालं नाही. मग दोन बोटं उशीवरून किंचित उचलली गेली आणि पडली.

"बाजूने दोन बोटं," दळवी म्हणाले. "विषय मंजूर." आणि मग मी दिसलो. "या, या. बघ सुनंदा, सचिव विभागातून गावंड आलेत. आता आपल्या सभेचंही इतिवृत्त होईल."

चहा झाला. मी चेंडू काढून दिला तर वहिनी हसल्या. म्हणाल्या, "ह्यांनी दोन घेतले होते, भाऊजी. एक मला दाबायला आणि एक तिकडे स्वतः दाबून बघायचे, किती जोर लागतो ते." फिजिओथेरपीवाला आठवड्यातून एकदा यायचा. बाकीचे सहा दिवस ही सभा. इमारतीची लिफ्ट निम्मा वेळ बंद, रुग्णालय लांब. दवाखान्यातली ती खोली मात्र त्यांच्या इमारतीसमोरच होती. खिडकीतून दिसत होती.

वहिनींनी तिकडे पाहून मला विचारलं, "भाऊजी, तो विषय पुन्हा आला का हो पटलावर? हे म्हणाले, तहकूब ठेवलाय."

मी दळवींकडे पाहिलं. ते चहाच्या कपाकडे बघत होते. ज्याने आयुष्यात एका हाताची खोटी नोंद होऊ दिली नाही, त्या माणसाने घरी येऊन बायकोला तहकूब सांगितलं होतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "तहकूबच आहे. नवीन सभागृह आलं की येईल."

त्यानंतर अधूनमधून मी सहाच्या सुमाराला जात असे. जमलं नाही तर फोन यायचा. "गावंड, विषय सहा मनगटासह मंजूर." एकदा तर नुसतंच "कोपर" म्हणाले आणि फोन ठेवला. मी ऑफिसात एकटाच होतो, तरी इकडेतिकडे पाहून डोळे पुसले.

मग निवडणुका झाल्या. सभागृहाचं कुलूप निघालं, खुर्च्यांना नवी कापडं आली. पहिल्याच सभेत सगळे विषय "मंजूर, मंजूर" म्हणत तासाभरात उरकले. हात कुणी मागितले नाहीत. माझे गुडघे खुशीत होते आणि मला चैन पडत नव्हतं. दवाखान्यातल्या खोलीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. तो मांडणारं कुणी निवडून आलेलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात पाटीलताईंचा फोन आला. त्याही हरल्या होत्या, पण आवाज तोच होता. फक्त त्या दिवशी हळू होता. "दलवीची बाय गेली रे. दुसरा झटका आला. मी जाऊन आयलू. तू जा."

मी सहाला गेलो, कारण मला तीच वेळ माहीत होती. दळवी आपल्या जागी बसले होते. वहिनींच्या खुर्चीवर ती उशी होती आणि उशीवर चेंडू. मला सांत्वनाचं बोलता येत नाही. मी त्यांच्यासमोर बसलो.

"शेवटपर्यंत विचारायची," ते म्हणाले, "नवीन सभागृह आलं का? मी म्हणायचो, येतंय. तुमच्या शब्दावर फार भरवसा होता तिचा. सरकारी माणूस म्हणाला म्हणायची."

मी मान खाली घातली.

थोड्या वेळाने ते उठले. सदऱ्याची बटणं नीट केली. "शोकप्रस्ताव आहे," ते म्हणाले. "सूचक मी." आणि माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो. "माझं अनुमोदन," मी म्हटलं. आम्ही दोघे दोन मिनिटं उभे राहिलो. रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. समोर दवाखान्याची ती खोली बंद होती.

दोन मिनिटं संपली तरी ते बसले नाहीत. मला कळलं ते कशाची वाट बघतायत. लिपिकाला मत नसतं. नोकरीभर मी दुसऱ्यांचे हात मोजले, स्वतःचा कधी वर केला नाही. त्या दिवशी केला, अगदी सरळ, त्यांना आवडायचा तसा.

दळवी माझ्या हाताकडे पाहत राहिले. हात एकच होता, पण मोजायला त्यांना फार वेळ लागला. मी तो खाली घेतला नाही.