मिरीचं शेपूट आणि लांडग्याचं भवितव्य

एका जंगलात, मुलांनो, कबड्डी होती. म्हणजे झाडं होती, ओढा होता, प्राणीही होते. पण तुमच्याकडे काय आहे असं कुणी विचारलं, की सगळे छाती पुढे काढून सांगायचे, आमच्याकडे कबड्डी आहे.

अडचण एकच होती. नदीपल्याडच्या जंगलाकडेही कबड्डी होती आणि ती जरा बरी होती. दरवर्षी अंतिम सामना या दोघांतच व्हायचा आणि दरवर्षी पल्याडचे चषक घेऊन जायचे. चषक म्हणजे एक मोठा वाळका भोपळा. सहा वर्षं तो नदीपलीकडे होता. त्या दुःखाने इकडचे म्हातारे प्राणी खंगत चालले होते. ओढा निम्मा आटला होता, त्याने कुणी खंगलं नाही. भोपळ्याने खंगले.

या जंगलाच्या संघात मिरी नावाची एक खार होती. अंगाने चिमूटभर, पण ती चढाईला गेली की समोरचे सात गडी एकमेकांवर आपटायचे. तिच्याहून भारी असा एकच खेळाडू होता, झुंजार लांडगा. तो मैदानात उतरला की पिल्लं झाडांवरून पानं उधळायची. लहान मुलांना सांगायचे, बघ, झुंजारदादासारखा हो.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर सगळे ओढ्यावर पाणी पीत होते. झुंजार मिरीच्या मागे उभा होता. तो वाकला आणि त्याने तिचं शेपूट खाल्लं.

भूक लागली होती का, असं त्याला विचारण्यात आलं. नाही, म्हणाला. भांडण झालं होतं का? तेही नाही. मग का खाल्लंस?

“समोर होतं,” झुंजार म्हणाला.

त्याला तीन वर्षं गुहेत बसायची शिक्षा झाली.

आता तुम्ही म्हणाल, शेपूटच तर गेलं. मुलांनो, खारीचं शेपूट शोभेसाठी नसतं. सगळा तोल त्याच्यावर असतो. मिरी आता जांभळाच्या झाडाकडे उडी मारायची आणि करवंदीच्या जाळीत पोचायची. संघाने तिला घरी बसवलं. तू विश्रांती घे बाळ, म्हणाले, आणि तिची जागा एका रानउंदराला दिली. मिरीने विश्रांती घेतली नाही. ती रोज पहाटे एकटी उड्या मारत राहिली. महिनोन्‌महिने करवंदीचे काटे काढत राहिली. तिला तिची जागा परत हवी होती. दुसरं काही नको होतं.

असं एक वर्ष गेलं आणि पुन्हा अंतिम सामना जवळ आला.

जंगलाच्या कबड्डी समितीचे अध्यक्ष होते हुपाजीराव वानर आणि कायदेतज्ज्ञ होते ढालेगुरुजी कासव. दोघांनीही आयुष्यात कबड्डी खेळली नव्हती. त्यामुळे त्यांना तिच्याबद्दल खूप बोलता यायचं. त्यांनी बैठक घेतली. बैठकीत हुपाजीरावांचे डोळे अचानक भरून आले. प्रत्येक जीवाला आयुष्यात दुसरी संधी मिळायला हवी, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. हे सत्य त्यांना अंतिम सामन्याच्या बरोबर पंधरा दिवस आधी गवसलं.

पण जंगलात एक नियम होता. शिक्षा अर्धवट सोडायची, तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा अंगठा लागायचा. पळसाच्या पानावर लिहायचं, ‘माझी हरकत नाही’, आणि खाली अंगठा.

मग मिरीच्या झाडाखाली रांग लागली. समितीचे एकेक सदस्य यायचे, मान वर करून बोलायचे आणि बोलताना तिने वाढलेल्या शेंगा खायचे. एकाने सांगितलं, झुंजार अजून कोवळा आहे. मिरी त्याच्याहून दोन वर्षांनी लहान होती. दुसऱ्याने झुंजारच्या आईची आठवण काढली. तिसरा म्हणाला, किती दिवस त्या शेपटाला धरून बसणार? मिरीने मागे वळून पाहिलं. धरायला काही नव्हतं. चौथ्याने तिला समजावलं, की संध्याकाळी ती ओढ्यावर गेली नसती, तर ही वेळच आली नसती.

शेवटी स्वतः हुपाजीराव आले.

“पोरी, त्याच्या भवितव्याचा प्रश्न आहे,” ते म्हणाले.

“आणि माझ्या, आजोबा?”

हुपाजीरावांनी जरा विचार केला. मिरीला भवितव्य असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. तुझा तोल गेलाय, ते म्हणाले, हे काही आम्ही केलेलं नाही.

मिरी दुसऱ्या संधीच्या विरोधात नव्हती, बरं का. तिला फक्त एक वाक्य ऐकायचं होतं. ते झुंजारच्या तोंडून ऐकू द्या, मग बघू, असं तिने सांगितलं. समिती तिला घेऊन गुहेवर गेली.

गुहेत झुंजार पाय पसरून बसला होता. वर्षभर त्याचे चाहते त्याला रोज डबा पोचवत होते, त्यामुळे तो चांगलाच भरला होता. हुपाजीरावांनी खुणावल्यावर तो उभा राहिला आणि पाठ केलेलं म्हणाला, “माझ्यामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर मी दिलगीर आहे.”

“माझ्या भावना धड आहेत,” मिरी म्हणाली. “शेपूट गेलंय.”

झुंजारने हुपाजीरावांकडे पाहिलं. पुढचं वाक्य त्याला दिलेलं नव्हतं.

शेजारच्या गुहेत काटेकर नावाचं एक साळिंदर होतं. त्याने कुणाच्या तरी वावरातलं एक रताळं उपटलं होतं. त्यासाठी त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली होती आणि त्यालाही आता चार वर्षं झाली होती. त्याच्या सुटकेचं पळसाचं पान कुठेतरी गहाळ झालं होतं. मिरीने विचारलं, यालाही दुसरी संधी देणार ना? ढालेगुरुजी गंभीर झाले. म्हणाले, त्याने गुन्हा केलेला आहे. शिवाय त्याला कबड्डी येत नाही.

हे साळिंदर या गोष्टीत परत येणार नाही, मुलांनो. अशांना गोष्टीतसुद्धा परत घेत नाहीत.

मिरी घरी आली आणि दोन दिवस तिने नुसत्या उड्या मारल्या. तिला झुंजारचा राग होता, समितीचा त्याहून जास्त होता आणि कबड्डीची ओढ या दोन्हींहून जास्त होती. तिसऱ्या दिवशी ती हुपाजीरावांकडे गेली आणि म्हणाली, अंगठा देते, पण मला राखीव खेळाडू म्हणून संघात घ्या. हुपाजीरावांनी लगेच घेतलं. राखीव खेळाडूला उतरवावं लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मिरीने अंगठा दिला. तिला तेव्हा छान वाटलं असेल असं समजू नका. अंगठ्याचा पळसरस तिने ओढ्यावर तीनदा धुतला.

सामन्याच्या दिवशी दोन्ही जंगलं मैदानाभोवती लोटली. झुंजारच्या स्वागताला पिपाण्या वाजल्या. वाटेवर फुलं पसरली होती आणि ‘झुंजारदादा, तुमच्यासाठी कायपण’ असं कुणीतरी वडाच्या बुंध्यावर कोरलं होतं. मिरी कडेला बसून होती. तिच्याकडे सगळ्यांची पाण्याची भांडी सांभाळायला दिली होती.

झुंजार पहिल्या चढाईला गेला. मध्यरेषा ओलांडली, कबड्डी कबड्डी कबड्डी, आणि चौथ्या कबड्डीला त्याचा दम तुटला. वर्षभराचे डबे आडवे आले. दुसऱ्या चढाईत तो तिसऱ्या कबड्डीपर्यंत पोचला. तिसऱ्या चढाईत तो मध्यरेषेवरच बसला आणि म्हणाला, एक मिनिट.

पल्याडचे तेवीस, आपले एकोणीस.

हुपाजीरावांचा चेहरा बदलत गेला. एकोणीसला त्यांनी फुलं उचलायला सांगितली. मग ते शेजाऱ्यांना म्हणाले, असल्या शेपूटखाऊला मुळात संघात घेतलाच कुणी? काही लाजलज्जा आहे की नाही? ढालेगुरुजींनी पळसाचं पान काढून दाखवलं. अंगठा मिरीचा होता.

“हिनेच सोडवला त्याला,” हुपाजीराव म्हणाले, आणि आजूबाजूच्या सगळ्यांनी मिरीकडे रागाने पाहिलं.

तेवढ्यात झुंजारला धाप लागून बाहेर न्यावं लागलं. राखीव खेळाडू एकच होती. मिरीने पाण्याची भांडी हुपाजीरावांच्या मांडीवर ठेवली आणि ती मैदानात गेली.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. दोन्ही जंगलांत पकड करायची एकच पद्धत होती. चढाईचा गडी परतायला वळला, की मागून त्याचं शेपूट धरायचं. त्यांचे आजोबा असंच पकडायचे, त्यांच्या आजोबांचे आजोबाही असंच. पाय धरता येतो हे कुणाला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तर मोठ्यांनी गप्प बसवलं असतं.

मिरी कबड्डी कबड्डी करत पल्याड गेली. वर्षभराच्या सरावाने ती आता तिरकी पळायची. एका रानडुकराला आणि एका कोल्ह्याला हात लावला आणि वळली. रानडुकराने नेहमीप्रमाणे शेपटावर झेप घेतली. शेपूट जिथे असायला हवं होतं तिथे हवा होती. डुक्कर तोंडावर आपटलं. मागून आलेला कोल्हा डुकरावर आपटला. दोघंही तिने शिवलेले, दोघंही बाद. पुढच्या चढाईत तिने तिघांना लोळवलं. ते उठून एकमेकांना विचारत होते, धरायचं काय?

चोवीस–तेवीस. शिट्टी वाजली. भोपळा घरी आला.

मिरी मैदानाच्या मध्यभागी धापा टाकत उभी होती. तिला तिची जागा मिळाली होती. तिने डोळे मिटले आणि कुणीतरी आपल्याला खांद्यावर घेईल म्हणून थांबली. बराच वेळ झाला तरी कुणी आलं नाही, म्हणून तिने डोळे उघडले.

सगळ्यांनी झुंजारला खांद्यावर घेतलं होतं.

कारण हुपाजीरावांना आणखी एक सत्य गवसलं होतं. मिरीला कुणी पकडू शकलं नाही, कारण तिला शेपूट नव्हतं. शेपूट नव्हतं, कारण झुंजारने खाल्लं होतं. म्हणजे भोपळा कुणी जिंकला?

दुसऱ्या दिवशी सकाळी वडाखाली भव्य सत्कार झाला. झुंजारला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि ‘बिनशेपटी कबड्डीचे जनक’ अशी पदवी दिली. ढालेगुरुजींनी चाळीस मिनिटं भाषण केलं. ज्याला आपण अडाणीपणाने गुन्हा समजलो, ते प्रशिक्षण होतं, असं त्यांनी सिद्ध केलं. मिरीला एक गुलाबाचं फूल मिळालं. ते तिने झुंजारला द्यायचं होतं आणि आभाराचे दोन शब्द बोलायचे होते.

मिरी बोलायला उठली. गर्दीत तिची आई मान खाली घालून बसली होती. मिरीने फूल खाली ठेवलं.

“झुंजारदादांच्या कार्याचा लाभ एकटीने घेणं मला बरं वाटत नाही,” ती म्हणाली. “सगळ्या संघाची शेपटं खाल्ली जावीत. पण मुलं मोठ्यांकडे बघून शिकतात. म्हणून सुरुवात समितीपासून व्हावी, अशी मी सूचना मांडते. पहिला मान अध्यक्षांचा.”

गर्दीने टाळ्या वाजवल्या. सूचना सगळ्यांना पटली. झुंजारलाही पटली. मैदानात दम तुटल्यापासून त्याचा डबा बंद होता आणि सत्कारात नुसता नारळ मिळाला होता. त्याने नारळ खाली ठेवला, शाल नीट घडी केली आणि तो हुपाजीरावांच्या खुर्चीमागे गेला. तिथे हुपाजीरावांचं शेपूट होतं. लांब, रुपेरी, रोज तेल लावलेलं.

“समोर आहे,” झुंजार म्हणाला.

त्यानंतरचा कार्यक्रम पत्रिकेत नव्हता. हुपाजीराव शेपूट पोटाशी धरून वडाच्या शेंड्यावर दिसले. समितीचे सदस्य बुडाला पानं लावून वाट मिळेल तिकडे पळाले. ढालेगुरुजी चारी पाय आणि शेपूट कवचात ओढून व्यासपीठाच्या मधोमध बसले आणि आतून त्यांचा आवाज आला. कायदा त्यांना एका दमात आठवत होता.

“शेपूट खाणं हा अत्यंत गंभीर गुन्हा आहे. कलम पहिलं. त्याला सवलत नाही, सूट नाही.”

मिरी कवचापाशी जाऊन वाकली.

“गुरुजी, माझं खाल्लं तेव्हासुद्धा गंभीर होता का?”

 झुंजारने बाहेरून कवच हुंगलं.

“तेव्हासुद्धा होता,” गुरुजी आतून म्हणाले.

“मोठ्याने बोला. माझी आई शेवटच्या रांगेत आहे.”

“तेव्हासुद्धा गंभीर होता,” गुरुजी ओरडले, आणि सगळ्या जंगलाने ते ऐकलं.

गुरुजींच्या त्याच कलमाने झुंजार उरलेली दोन वर्षं काढायला गुहेत गेला. या वेळी डबे आले नाहीत. दोन वर्षांनी तो बारीक होऊन बाहेर आला आणि कुणी न सांगता मिरीकडे गेला. तिच्या झाडाखाली उभा राहून म्हणाला, तुझं शेपूट मी खाल्लं, भूक नसताना खाल्लं, चूक माझी होती. मिरी तेव्हा संघाची कर्णधार होती. तिने त्याला राखीव खेळाडूंत घेतलं आणि पाण्याची भांडी दिली. हुपाजीरावांनी या निर्णयाचा कडक निषेध केला. गुन्हेगारांना अशी मोकळीक मिळाली, तर समाजाने बघायचं कुणाकडे, असं ते शेंड्यावरून म्हणाले.

तात्पर्य : गुन्हा किती मोठा, हे शेपूट किती लांब होतं त्यावर ठरत नाही. ते कुणाच्या मागे होतं, त्यावर ठरतं. म्हणून मुलांनो, मोठ्यांकडे न्याय मागायला जाताना साक्षीदार नेऊ नका, पुरावे नेऊ नका. एक भुकेला लांडगा न्या.