बोटीवरची सगळी

आमच्या शेजारच्या दौलतआण्णांसमोर 'बुडाला' हा शब्द काढायची सोय नाही. कुणाचा धंदा बुडाला, तर आण्णांच्या भाषेत तो 'खाली बसतो'. पोरं शाळा बुडवत नाहीत, चुकवतात. बिस्किटसुद्धा ते चहात बुडवत नाहीत. बशीत ठेवून वरून चहा ओततात आणि तो लगदा चमच्याने खातात. मी महाडच्या कोर्टात कारकून. एकदा घाईत, आज रजेपायी पगार बुडाला, असं त्यांना बोलून गेलो, तर दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

एवढं असून माणसाने दर्या पाहिलेला नाही. आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला. लेकीला गाडीत बसवायला आण्णा एकदा वीर स्टेशनावर गेले, तर तेवढ्या रिक्षातच त्यांना घेरी आली.

कारण गावाला ठाऊक आहे. आण्णा आईच्या पोटात असताना त्यांचा बाप मालाच्या बोटीवर भट्टीत कोळसा मारायला गेला. महायुद्ध चाललेलं. बोट परत आली नाही. आज आण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत.

शिमग्याला पालखी उचलण्याआधी आमच्याकडे देवीला गाऱ्हाणं घालतात. गुराढोरांना सांभाळ, मुंबईच्या चाकरमान्यांना सांभाळ, आणि शेवटी, बोटीवर गेलेल्याला सुखरूप आण. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी 'होय' म्हणायचं. यंदा गावकीचा नवा अध्यक्ष सुरेश गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. मुंबईत राहून आलेला, सगळं शॉर्टमध्ये उरकणारा. त्याने शेवटचं मागणं गाळलं. आण्णांनी पुढे होऊन पालखीचा दांडा धरला तो सोडेचनात.

सुरेशने परोपरीने समजावलं की आता गावचं कुणीच बोटीवर नाही. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"गावानं माझ्या आयेला शबूद दिलाय, तो येईस्तवर म्हणू. आला काय? नाय ना? मग म्हणा."

एवढी वर्षं कोर्टात काढली, पण याला उत्तर देईल असा वकील माझ्या पाहण्यात नाही. ढोलवाले खोळंबलेले. सुरेश पुन्हा उभा राहिला. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने आण्णांना हळूच बापाचं नाव विचारलं. म्हणाला, या वेळी नावानिशी गाऱ्हाणं घालतो.

आण्णांनी मान हलवली.

"नाव नको घेऊस रे. नाव घेतलंस तर देवी त्याला एकट्यालाच आणील. बोटीवर बाकीची पण होती. त्यांची नावं मला ठाव नायत, त्यांच्या गावात कोण म्हणतंय का नाय, ते पण ठाव नाय. तू आपली सगळी आण म्हण."

सुरेश तसं म्हणाला. आम्ही सगळ्यांनी 'होय' म्हटलं. शेजारी आण्णांचा 'होय' सगळ्यांत खणखणीत होता.