फुमिए आजींचा मुळा चुकीचा वाजतो

सतरा वर्षं मी जपानातल्या नागाओकात, दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवतोय आणि एकही परत आलेली नाही! त्या मंगळवारपर्यंत मी हे छातीठोकपणे सांगायचो.

त्या दिवशी फुमिए आजी आल्या. वय एक्क्याऐंशी, देवळामागे लोणच्यांचं दुकान.

"पोरा, तू केलेले नवे दात सुरेख आहेत. पण मुळा चुकीचा वाजतो."

"मुळा?"

"मुरलेला मुळा पोरिपोरी वाजायला हवा. हा बोरिबोरी वाजतोय. मुळा मुरला की नाही, हे या आवाजावरून ठरवून मी पिंप उघडते रे! आठवडा झाला, दुकान बंद आहे."

पोरिपोरी म्हणजे हलकं, कुरकुरीत. बोरिबोरी म्हणजे घोडा गाजरं खातोय! मी मनात हसलो, कवळी उगाच थोडी घासून दिली. आजी बुधवारी हजर. "बोरिबोरी." गुरुवारी हजर. "बोरिबोरी!"

शुक्रवारी त्या मुळ्याची बरणीच घेऊन आल्या आणि बाहेर बसलेल्या पेशंटांना फोडी वाटल्या. दवाखानाभर कडाकडा सुरू!

"माझं पोरिपोरीच आहे," निवृत्त पोस्टमास्तर होशी म्हणाले.

"अहो, चाळीस वर्षं ऐकतेय मी! बोरिबोरी!" त्यांची बायको कडाडली.

डॉक्टर इगाराशी धावत बाहेर आले. "दवाखाना आहे की तबेला?" आजींनी त्यांच्याही तोंडात फोड कोंबली, हात वर केला आणि डोळे मिटून एकेकाचं चावणं ऐकलं.

"होशी, तुम्ही फक्त उजवीकडून चावता. डॉक्टर, तुम्ही चावतच नाही, गिळता."

डॉक्टर लाजेनं लाल! मग आजींनी माझ्या गालाशी कान आणला. मी ऐटीत चावलो.

"पोरा, डावीकडची खालची दाढ. आतून पोकळ आहे."

"माझी? आजी, मला साधी कळसुद्धा येत नाही! डॉक्टर, काढाच एक्स-रे, सगळ्यांसमोर!"

काढला. दाढेत ही एवढी काळी गुहा! बाहेरून टाचणीएवढंही छिद्र नाही. डॉक्टर एक्स-रे सोडून आजींकडेच बघत राहिले.

"आजी, कसं कळलं हो?"

"साठ वर्षं गिऱ्हाईक तोंडानं छान छानच म्हणतं. खरं काय ते चावण्यात ऐकू येतं."

मी आजींची कवळी हातात घेतली आणि सतरा वर्षांत पहिल्यांदाच पेशंटला विचारलं, "कुठे घासू?"

आजींनी बोट ठेवलं. तिथे केसभर घासलं. त्यांनी कवळी बसवून फोड उचलली. होशींनी कान पुढे केला.

पोरिपोरी!

इतका स्वच्छ आवाज, की आम्ही सगळेच नकळत आदरानं कमरेत वाकलो. आजींनी डोळे पुसले आणि पिंप उघडायला तरातरा निघून गेल्या.

माझी दाढ त्याच दुपारी काढली. दुसऱ्या दिवशी आजींकडून डबा आला. मुळाच असणार, म्हणून मी अधाशासारखा उघडला. आत लुसलुशीत तोफू आणि चिठ्ठी: "महिनाभर हेच खा. आवाज करायचा नाही!"