परब सिस्टरांचा दोन तासांचा गजर

परब सिस्टरांच्या मोबाइलचा गजर दर दोन तासांनी वाजतो आणि त्या जिथे असतील तिथे हुकूम सोडतात, "कूस बदला." आमच्या विक्रोळीच्या सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी गळक्या टाकीवर तावातावाने बोलत असताना आम्ही सगळे निमूटपणे डावीकडून उजवीकडे कललो आहोत. उभा जन्म वॉर्ड सांभाळलेल्या बाईपुढे बोलणार कोण?

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा त्यांनी डॉक्टरेट करायचं ठरवलं. नर्सिंगमध्येही डॉक्टरेट असते, तीही दोन तऱ्हेची, हे मला त्यांच्यामुळेच कळलं. एक संशोधनाची, म्हणजे पीएचडी. दुसरी परदेशी विद्यापीठाची, प्रत्यक्ष रुग्णसेवेतली. फरक विचारला तर उदाहरणाला मीच सापडलो.

"तुझी कंबर का दुखते ते नव्याने शोधायचं, ती पीएचडी. शोधून झालंय ते वापरून तुला खुर्चीतून उठवायचं, ती दुसरी."

मी अर्थातच उठवणारीच्या बाजूने. पण एका नर्सिंग कॉलेजने त्यांना शिकवायला बोलावलं होतं आणि तिथे पीएचडीच हवी होती. शेजारच्या सावंतकाकांना सिस्टरांच्या दारावरच्या पाटीची काळजी. दोन्हींत 'डॉ.' लागतं, पण हाक सिस्टर अशीच मारायची, असं त्यांना बजावण्यात आलं.

अर्जाच्या शेवटच्या दुपारी सिस्टरांनी मला लॅपटॉप घेऊन बोलावलं. दोन्ही अर्ज समोर, आणि बाईंचं काही ठरेना. तेवढ्यात गजर वाजला. मी शहाण्यासारखा कललो. त्या मात्र उठून आतल्या खोलीत गेल्या, त्या आल्याच नाहीत. मी डोकावलो. परबकाका चार वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या रिकाम्या कॉटच्या कठड्यावर हात ठेवून सिस्टर उभ्या होत्या.

"दर दोन तासांनी ह्यांची कूस बदलली, पाठीला एक जखम होऊ दिली नाही रे. मी नर्स, म्हणून जमलं. चौथ्या मजल्यावरच्या सुनंदाची सासू पडून आहे, तिला कोण शिकवणार? भर, दुसरा अर्ज भर."

"आणि कॉलेज?"

"राहू दे."

मी लॅपटॉप आत आणला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सिस्टर, गजर बंद करून देऊ का?"

"नको," त्या म्हणाल्या. "तो वाजला की वाटतं, ह्यांना अजून माझी गरज आहे."