हैबतरावांच्या बांधाची मोजणी

सरकारी मोजणीचा अर्ज हैबतरावांनी भरता भरता ठेवून दिला, कारण घरातच इंजिनियर तयार होत होती. पेणच्या कॉलेजात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची दिशा रविवारी रोह्याजवळच्या गावी यायची होती. शेजारच्या शेतातल्या गुणाजीशी बांधावरून नऊ वर्षं चाललेलं भांडण ती एका सकाळीत निकालात काढील, असं त्यांनी गावभर सांगितलं. पोरगी मोजणीच्याच विषयात दोनदा नापास झालीय आणि तिला सिव्हिल सोडून वकिलीला जायचंय, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. तिने ते सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा बापाने ‘आधी बांध’ म्हणून मिटवलं.

दिशाने खुंट्या ठोकल्या, टेप लावली. पहिल्या मोजणीत बांध हैबतरावांच्या शेतात निघाला. गुणाजी तापला. दुसऱ्या मोजणीत तो गुणाजीच्या शेतात गेला. हैबतराव तापले. तिसऱ्या मोजणीत हद्द थेट पलीकडच्या कृष्णाबाईच्या वालाच्या पिकातून गेली, आणि आजवर कुणाशी वाकडं नसलेली ती म्हातारी विळ्यासकट हजर झाली.

दिशाने टेप खाली ठेवली आणि विचारलं, “बाबा, बांधाला दरवर्षी माती कोण लावतं?”

“मीच. गुणाजीला कुठं सवड हाय?”

“माती कुठली?”

“बांधाचीच, आपल्या अंगाची कोरून. दुसऱ्याची चिमूटभर घेत नाय मी.”

“आणि लावता कुठं?”

“त्याच्या अंगाला. तिथंच ढासळतो.”

“किती वर्षं?”

“नऊ,” हैबतराव अभिमानाने म्हणाले.

“म्हणजे नऊ वर्षं तुम्हीच बांध त्याच्या शेतात सरकवताय.”

हैबतरावांनी वाकून बांधाची दोन्ही अंगं पाहिली. कृष्णाबाईने विळा कमरेला खोचला. “गो बाय, तू शिकतंस तरी काय?”

“सिव्हिल. पण जमत नाय आजी. मला वकील व्हायचंय.”

आता मात्र बाप भडकला. दोन वर्षं पाण्यात घालवलीस, यापुढं दमडी मिळणार नाय, असं ते सगळ्यांसमोर गरजले.

गुणाजी शांतपणे पुढे झाला. “घाबरू नको गो पोरी. तुझ्या वकिलीची फी मी भरतो.”

“माझ्या पोरीची फी भरणारा तू कोण रे?” हैबतराव उसळले. “पाची वर्षांची मी भरीन.”

चारचौघांत गेलेला शब्द मागे घेता येईना. मग ते फावडं उचलून बांध मागे घ्यायला लागले. गुणाजीला मात्र दम भरून ठेवला, “ही वकील झाली की पयली केस माझी. तू रांगेत माझ्या मागं उभा राव.”