लांबून आलेल्याचा नंबर आधी

मे महिन्यात आमच्या विद्यापीठातल्या रस्त्याचे डांबर चपलेला चिकटते. त्या दिवसांत खांद्यावर काळी घोंगडी पांघरून वावरणारा एकच मनुष्य मी पाहिला आहे : आमच्या सामायिक उपकरण केंद्राचे प्रमुख, डॉ. गंगाधर कोकरे. यंत्रांसाठी त्यांच्या खोल्या बाराही महिने थंडगार ठेवाव्या लागतात. इतर माणसे अशा ठिकाणी स्वेटर घालतात. कोकरे सरांना स्वेटरात "गुदमरल्यावानी व्हतं". दिल्लीहून आलेल्या तपासणी समितीतील एका गृहस्थांनी घोंगडीकडे बोट दाखवून हे काय आहे, असे विचारले, तेव्हा सरांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने आणि निर्दोष इंग्रजीत सांगितले, की ही थंडीपासून संरक्षणाची स्वदेशी व्यवस्था आहे. समितीने ते टिपून घेतले.

एकेका विभागाला न परवडणारी मोठी यंत्रे या केंद्रात एका छताखाली ठेवलेली आहेत आणि ती सर्वांनी वापरायची असतात. 'सर्वांनी' हा शब्द आम्ही प्राध्यापक सहसा 'आधी आम्ही' असा वाचतो. कोकरे सर तो शब्दशः वाचतात. नमुना घेऊन कोणी दारात आला, की नमुन्यात काय आहे हे ते विचारत नाहीत. "आलात कुठून?" हा त्यांचा पहिला प्रश्न. जो सर्वांत लांबून आला, त्याचा नंबर आधी.

सरांचे घराणे कन्नड तालुक्यातले, मेंढपाळांचे. त्यांच्या वडिलांचा कळप उन्हाळ्यात आमच्या शहराबाहेर, करमाडच्या बाजूला उतरत असे. तिथे आता कारखान्यांच्या भिंती आणि आमच्यासारख्यांचे प्लॉट आहेत. पाणवठ्यावर लांबून चालून आलेला कळप आधी पाणी पिणार, हा त्यांच्याकडचा रिवाज. तो त्यांनी क्ष-किरण यंत्राला जसाच्या तसा लावला.

"आणि आम्ही?" भौतिकशास्त्राच्या देशमुख सरांनी एकदा विचारले. देशमुखांचा विभाग केंद्राच्या अगदी समोर आहे.

"तुमी तर विहिरीच्या काठावरच बसलात की. तुम्हाला कसली तहान?"

मी रसायनशास्त्राचा, स्वभावाने संकोची. देशमुख भांडत असताना आपलाही नंबर पुढे सरकावा, असे माझ्या मनात येई. आणि तसे मनात आले, याची मग दिवसभर लाज वाटत राही.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सगळेच पेचात सापडले. शहराच्या नळाला आठवडाभर पाणी नाही, आवारातल्या विहिरी कोरड्या. पदार्थाच्या आतली रचना दाखवणाऱ्या आमच्या क्ष-किरण यंत्राला सतत थंड पाणी खेळते लागते. पाणी थांबले, की आतली नळी जळते. तेच ते पाणी फिरत असले तरी ते घटते, आणि भर घालावी लागते. पावसाळ्यापर्यंत केंद्र बंद ठेवावे, असा प्रस्ताव बैठकीत आला. आम्ही माना डोलावल्या.

कोकरे सर उभे राहिले. देवगाव रंगारी या गावची मंगल नावाची विद्यार्थिनी पाण्यातले फ्लोराइड शोषून घेणाऱ्या मातीवर काम करीत होती. तिला मिळालेली शेवटची मुदतवाढ जूनमध्ये संपत होती. मोजणी झाली नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती.

"दुष्काळ पडला म्हणून कळप मोडीत नसतेत, साहेब," सर म्हणाले. "पाव्हण्यारावळ्यांत वाटून देतेत. चार घरं चार-चार सांभाळतेत. नव्या कॉलन्यांत ऱ्हाणाऱ्यांच्या बोअरला अजून पाणी हाय. येताना एकेक कॅन आणा. शुद्ध करायचं माझ्याकडं."

"कोकरे, मी प्राध्यापक आहे, पखालवाला नाही," देशमुख म्हणाले.

"मंग नंबर शेवटचा."

"तो आत्ताही शेवटचाच आहे."

"मंग गमवायला काय हाय तुमच्याकडं?"

दुसऱ्या दिवशी देशमुखांची गाडी केंद्रापुढे थांबली. मागच्या आसनावर दोन कॅन बसवलेले होते आणि दोघांनाही पट्टा लावलेला होता. मी स्कूटरच्या पायांशी एक कॅन ठेवून येऊ लागलो. व्याकरणाचे एक वृद्ध प्राध्यापक, ज्यांनी आयुष्यात कधी यंत्र पाहिले नव्हते, तेही कळशी घेऊन आले. शहराच्या एका टोकाच्या बीड बायपासपासून दुसऱ्या टोकाच्या पडेगावपर्यंतचे पाणी त्या यंत्रात एकत्र फिरले. आमच्या विद्यापीठाचा मला अनेक कारणांनी अभिमान वाटत आला आहे. पण त्या कॅनच्या रांगेइतका निर्भेळ अभिमान दुसऱ्या कशाचा वाटला नाही.

मंगलची मोजणी पुरी झाली, तो शनिवार होता. निष्कर्ष चांगले होते. संध्याकाळच्या एसटीने ती गावी गेली. रिकामा कॅन न्यायला मी केंद्रात गेलो, तेव्हा यंत्र बंद होते, दिवे मालवलेले होते आणि कोकरे सर कार्यालयातल्या फोनजवळ बसलेले होते.

"घरी जायचे नाही?"

"मंगल पोचायची हाय अजून." मग म्हणाले, "पोचल्यावर फोन करा, असं मी समद्यांनाच सांगतो. लेकरं इसरतेत. पर फोन वाजला आन् उचलाया कुणी नसलं, तर बरं नाय दिसत."

मी बसलो. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"पोचलीस व्हय? बरं. बरं, बरं." त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि त्यावर हात तसाच राहू दिला. "ही पहिलीच," ते म्हणाले.

कुलूप लावून आम्ही निघालो. ते आवारातल्या निवासस्थानाकडे वळले. वहिनींना जाऊन तीन वर्षे झाली होती आणि मुलगा बंगळुरात असे. खिडकीत अर्थातच दिवा नव्हता.

घरी आल्यावर कॅन ठेवला, हात धुतले. जरा वेळ उगाच घुटमळलो. या वयाच्या माणसाने असे काही करावे का, कळेना. मग त्यांना फोन लावला.

"कोकरे सर, पोचलो."



"बरं झालं," ते म्हणाले. "जेवलात का?"